ट्रस्टच्या जुन्या फोर्डचा रेडिएटर उतरविताना

ट्रस्टच्या आवारात, कडुनिंबाजवळच्या पत्र्याच्या छपराखाली जी मोटार उभी असते, ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आज ज्यांची मुले शाळेत जातात अशा कित्येक सभासदांचे लहानपणीचे छायाचित्र तिच्या पायरीवर उभे राहून काढलेले असेल. ही 1930 सालची फोर्ड, मॉडेल 'ए'. संस्थापकांपैकी एका सद्गृहस्थांच्या कुटुंबीयांनी ती ट्रस्टच्या स्वाधीन केली, आणि तेव्हापासून ती तुकोगंजातच आहे. महोत्सवाच्या मिरवणुकीत हीच मोटार अग्रभागी असावी असा ठराव कार्यकारी मंडळाने गेल्या वर्षी केला. ठराव एकमताने झाला. पण तिचा रेडिएटर गळतो हे ज्यांना ठाऊक होते ते त्या वेळी गप्प राहिले.

पुढील सभेत मात्र गळतीची चर्चा झाली. कोणी म्हणाले, बाजारात ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बनवून मिळतो, तो बसवून मोकळे व्हावे. कोणी म्हणाले, चार चमचे हळद टाका, गळती आपोआप बंद होते. जुन्या मोटारींविषयी 2021 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांचाही उल्लेख निघाला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. ती रोजच्या वापरास रस्त्यावर आणता येत नाही, परंतु प्रदर्शनास आणि जुन्या मोटारींच्या फेरीस नेता येते. नियमात चासी, सांगाडा आणि एंजिन यांत मोठा फेरफार नसावा असे म्हटले आहे. रेडिएटरचे नाव नाही. तेव्हा कायद्याचा अडसर नव्हता. आम्ही इतकेच म्हणालो की, तो उतरवून पाहिल्याशिवाय काही ठरवू नये. साहजिकच ते घोंगडे आमच्याच गळ्यात आले. आता संपादक मंडळाचा आग्रह असा की, काम कसे झाले तेही आम्हीच लिहावे.

प्रथम रेडिएटर म्हणजे काय, हे ज्यांनी मोटारीचे बॉनेट कधी उघडले नसेल त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. एंजिनात पेट्रोल जळते, त्यातील उष्णतेचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि एंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. ती काढून नेली नाही तर लोखंड लोखंडाला चिकटून बसेल. म्हणून एंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, वरच्या नळीने रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, तेथून बारीक नळ्यांच्या जाळीतून निवत निवत खालच्या टाकीत उतरते आणि खालच्या नळीने पुन्हा एंजिनात जाते. फोर्डच्या आधीच्या मॉडेल 'टी'मध्ये पाण्याचा हा प्रवास निव्वळ उष्णतेच्या जोरावर चाले, पंप नव्हता. मॉडेल 'ए'ला पंप आहे, पण तो मदतनीस म्हणून. ज्यांच्या घरी पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब होता त्यांना उष्ण पाण्याचा हा स्वभाव निराळा सांगावयास नको.

पूर्वी मोटारींत सरळ वळविलेल्या नळ्या असत, आणि पाणी मैलामैलाला संपे. जर्मनीतील विल्हेल्म मायबाख ह्यांनी 1900-01 च्या सुमारास मर्सिडीज गाडीकरिता मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार केली; तीत आठ हजारांहून अधिक लहान नळ्या एकमेकींस डाखलेल्या होत्या. आजचे सगळे रेडिएटर त्याच घराण्यातले. आपल्या फोर्डमध्ये पोळे नाही, उभ्या नळ्या आणि त्यांवर पातळ पत्र्याच्या आडव्या पट्ट्या आहेत. टाक्या पितळेच्या. सांधे शिसे-कथलाच्या डाखाचे. हा डाख सुमारे दोनशे अंशांवर वितळतो आणि थंड असतानाही फार ताण सोसत नाही. पुढचे सारे सांगणे ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

इंदुरास जुन्या मोटारींचे वेड नवीन नाही. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) ह्यांचे माणिकबाग जसे जगप्रसिद्ध, तशाच त्यांच्या गाड्याही. 1935 ची त्यांची ड्यूझेनबर्ग, जिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग ह्यांनी बांधला, ती आजही मोटारींच्या इतिहासाच्या पुस्तकांतून दिसते. ती पुढे अमेरिकेस गेली. राजेरजवाड्यांच्या गाड्यांचे असे असते. त्यांना जगभर जपणारे भेटतात. फोर्ड 'ए' ही मात्र सामान्य गृहस्थाची गाडी. 1927 च्या अखेरीपासून 1931 पर्यंत अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास निघाल्या. फोर्ड कंपनीने 1926 सालीच हिंदुस्थानात आपली शाखा काढली होती, त्यामुळे ह्या गाड्या आपल्याकडेही पुष्कळ आल्या. चार सिलिंडर, चाळीस अश्वशक्ती, आणि गावच्या लोहारालाही कळेल अशी रचना. अशा गाडीचा एखादा भाग बिघडला की 'जुनीच आहे, जाऊ द्या' म्हणणारे अधिक.

येथे एक कबुली द्यावयास हवी. आम्ही स्वतः एक रेडिएटर मारलेला आहे.

आमचे मामू रेडिएटर दुरुस्तीचे काम करीत. शिक्षकाची नोकरी लागल्यावरही पहिली काही वर्षे सुट्टीत आम्ही त्यांच्या दुकानी जाऊन बसत असू. एक वृद्ध डॉक्टरसाहेब आपली ऑस्टिन घेऊन आले. मामू त्या दिवशी महूला गेले होते. आपण आता पदवीधर, शिवाय ह्या दुकानात लहानाचे मोठे झालेले, असा आमचा समज. नळ्या काढल्या, दिसले तेवढे बोल्ट काढले, तरी रेडिएटर हलेना. तो का हलत नाही हे खाली वाकून पाहण्याऐवजी आम्ही टायर काढण्याची पट्टी खाली घातली आणि उचलले. चिखलाखाली एक बोल्ट राहिलेला होता. खालची टाकी नळ्यांच्या एका अख्ख्या रांगेपासून फाटली. मामू संध्याकाळी आले, फाटलेल्या कडेवरून त्यांनी नुसते बोट फिरविले आणि ते हात धुवावयास गेले. ते रागावले असते तर बरे वाटले असते. तसा जाळीचा तुकडा मिळाला नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, "असू द्या मास्तर, तीही म्हातारी, मीही म्हातारा." ती ऑस्टिन पुन्हा चालली नाही. दोन वर्षांनी भंगारवाल्याकडे गेली. म्हणून ट्रस्टच्या गाडीला हात लावताना आमचा जीव थाऱ्यावर नव्हता, हे येथे लपवीत नाही.

कामास आमच्याबरोबर अकरावीच्या वर्गातील पाच जण होते, तीन मुलगे आणि दोन मुली. पहिले तीन दिवस आम्ही पाना उचललाच नाही. सकाळ-संध्याकाळ दर बोल्टवर गंज सोडविणारे तेल थेंब थेंब सोडायचे, एवढेच काम. मुलांना ते फारच कंटाळवाणे वाटले. जोडीला एकीने प्रत्येक बोल्ट, वॉशर आणि तार कोठे आहे त्याची आकृती वहीत काढली. मोबाइलवर छायाचित्रे काढलीच, पण वही अधिक उपयोगी पडली. छायाचित्रात मागचा वॉशर दिसत नाही.

गाडी थंड असतानाच काम सुरू करावे हे सांगण्याची गरज नाही असे वाटते, पण आहे. मॉडेल 'ए'च्या रेडिएटरचे झाकण आजच्या गाड्यांप्रमाणे दाब धरणारे नसते, म्हणून लोक ते बेधडक उघडतात. पाणी उकळत असेल तर ते उसळून मनगटापर्यंत भाजते. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी शंभरावर नव्हे, सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळते. भेरूघाटात रस्त्याच्या कडेला वाफ सोडीत उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दोन अंशही थोडे वाटणार नाहीत.

पाणी सोडण्याची तोटी खालच्या नळीला असते. ती उघडली तर तीन थेंब आले आणि बंद झाले. आत गाळ बसलेला. तारेने मोकळी केल्यावर तांबूस पाणी आले, ते आम्ही परातीत धरले. ज्या गाड्यांत गोठणरोधक द्रव असतो त्यांच्या बाबतीत तर ते जमिनीवर कधीही सोडू नये. तो चवीला गोड आणि विषारी, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात.

मग बॅटरीची तार काढली. ह्या गाडीत सहा व्होल्टची बॅटरी असून धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असते, म्हणजे आजच्या उलट. पुढच्या दिव्यांच्या तारा रेडिएटरच्या चकचकीत आवरणातून ओवून गेलेल्या असतात, त्या दिव्यामागच्या जोडापासून सोडवून घ्याव्या लागतात. त्या विसरून रेडिएटर उचलला तर ऐंशी-नव्वद वर्षांची तार तुटते, आणि मग दोष तारेचा ठरतो. बॉनेटच्या मधल्या बिजागरीची दोन्ही टोके पकडींतून सोडवून दोघांनी ते अलगद उचलले व गोधडीवर ठेवले. भिंतीला टेकवून ठेवू नये, वाऱ्याने पडते.

रबरी नळ्या. येथे बहुतेकांची चूक होते. जुने रबर पितळेच्या तोंडाला घट्ट धरून बसलेले असते, आणि माणूस क्लिप सैल करून नळी पिळू लागतो. नळी निघण्याऐवजी टाकीचे तोंड सांध्यापासून हलते. आम्ही नळ्या सरळ उभ्या चिरल्या आणि सालीसारख्या सोलून काढल्या. नवी रबरी नळी सियागंजात अर्ध्या तासात मिळते. पितळी तोंड मिळत नाही.

पंख्याविषयी विशेष सांगावयाचे आहे. ह्या गाडीचा मूळ पंखा दोन पात्यांचा असतो, आणि जुना झाला की त्याच्या मध्याशी बारीक तडे जातात. असे पाते चालत्या गाडीत सुटून रेडिएटरमध्ये किंवा बॉनेट फोडून बाहेर गेल्याची उदाहरणे ह्या मॉडेलच्या मालकांना चांगली ठाऊक आहेत. म्हणून पाती पुसून, भिंग लावून पाहिली. तडा दिसला नाही. तरीही मिरवणुकीत पंख्याच्या बाजूला कोणाला उभे राहू देणार नाही. रेडिएटर काढताना दोन्ही पाती उभी करून ठेवावीत, आणि पंखा व जाळी ह्यांमध्ये जाड पुठ्ठा सरकवावा. पात्याचे टोक जाळीला लागले की खूण कायमची.

वरती एंजिनामागच्या पडद्यापासून रेडिएटरपर्यंत आलेले दोन आधाराचे गज असतात. त्यांच्या चाक्या सोडविण्यापूर्वी त्या किती आटे बसलेल्या आहेत ते मोजून वहीत लिहिले. हट्टी चाकी असली तर आधी किंचित घट्ट करावी, मग सैल करावी. गंजाची पकड उलट बाजूने लवकर तुटते. ज्योत लावण्याचा विचारही मनात आणू नये. चाकी सुटेल, आणि तिच्याबरोबर डाखही सुटेल.

राहिले खालचे दोन बोल्ट. आम्ही जमिनीवर आडवे होऊन, कपडे खराब करून, चिखल खरवडून प्रत्यक्ष मोजले. दोनच होते. तिसरा नव्हता. पुन्हा मोजले. मुले हसली, त्यांना ऑस्टिनची गोष्ट तेव्हा सांगितलेली नव्हती.

आणि येथेच गळतीचे कारण हाती लागले. ह्या गाडीत रेडिएटर चासीवर आवळून बसविलेला नसतो. खालच्या बोल्टांना स्प्रिंगा असतात, वर खाचांची चाकी आणि तिच्यातून दुमडलेली खीळ. हेतू असा की, खड्ड्यातून जाताना चासीला पीळ पडतो, तो रेडिएटरपर्यंत पोचू नये. त्याने स्प्रिंगांवर थोडे डुलत राहावे. आपल्या गाडीत स्प्रिंगा नव्हत्या. कधी काळी कोणी तरी त्या हरवल्या, किंवा अडगळ समजून टाकल्या, आणि साध्या चाक्या जोर लावून आवळून टाकल्या. त्यानंतरचा प्रत्येक खड्डा त्या पितळेच्या सांध्याने सोसला. सभेत 'नव्वद वर्षांचे पितळ आहे, ते कुजणारच' असे जे म्हटले गेले त्यात तथ्य नव्हते. पितळ कुजले नव्हते.

चाक्या सोडल्यावर आम्ही दोन बाजूंना दोघे उभे राहिलो आणि दोन बोटांनी हलवून पाहिले. तो हलला. मामूंचा एक शब्द होता, 'आहिस्ता', तो आम्ही मुलांना दिला. आवरणासकट रेडिएटर सरळ वर उचलला गेला, कोठेही अडला नाही, आणि दोन टायरांवर अंथरलेल्या सतरंजीवर जाऊन बसला. जमिनीवर तोंडघशी कधीही ठेवू नये.

उजेडात पाहिले तेव्हा वरच्या सांध्याशी वीतभर फट दिसली. पण खरे आश्चर्य आत होते. झाकणातून बॅटरीचा झोत टाकला तर नळ्यांची तोंडे पिवळट लगद्याने लिंपलेली. हळद! सभेत सुचविलेला उपाय कोणी तरी पूर्वीच करून चुकले होते, आणि एकदा नव्हे. हळद फुगते आणि भोक बुजविते हे खरे. पण तिला गळतीचे भोक आणि पाणी जाण्याची वाट ह्यांतला फरक कळत नाही. हळदीखाली पांढरा टणक थर होता. तो आपल्या पाण्याचा. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात ते माळव्याच्या काळ्या दगडातून येणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी. त्यातले क्षार तापले की नळीच्या अंगाला बसतात, जसे चहाच्या पातेल्याला बसतात. 1939 साली यशवंत सागर झाला आणि 1978 पासून नर्मदेचे पाणी शहरात आले, तरी शेडजवळची तोटी बोअरचीच, आणि गाडी धुणाऱ्याला तीच हाताशी. एक बादली पाणी वरून ओतून खालून निघण्यास तीन मिनिटांहून अधिक लागली. निरोगी रेडिएटरमधून ते ओतता ओताच निघावयास हवे.

पुढचे काम आमच्या आवाक्यातले नव्हते. मामू आता नाहीत; त्यांच्या हाताखाली शिकलेले एक उस्ताद अजून काम करतात, त्यांच्याकडे नेला. त्यांच्या दुकानी हल्ली पितळेचे काम क्वचित येते. आजच्या गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या, कडा दुमडून बसविलेल्या. फुटल्या की बहुधा सबंध रेडिएटरच बदलतात. उष्णता वाहून नेण्यात तांबे ॲल्युमिनियमहून पुष्कळ सरस, परंतु ते जड आणि महाग, म्हणून मागे पडले. उस्तादांनी वरची टाकी डाख वितळवून उघडली, प्रत्येक नळीतून पोलादाची चपटी पट्टी फिरविली, मग लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सोड्याच्या पाण्याने धुतला. तेजाब वापरू देऊ नका. ते क्षारांबरोबर पितळही खाते. टाकी पुन्हा डाखली, तोंडे बंद करून हौदात बुडविला आणि हलकी हवा भरली. हवा अगदी थोडी भरावी, कारण ह्या रेडिएटरने जन्मात दाब पाहिलेला नसतो. दोन ठिकाणी बुडबुडे आले, ते सांधले, तिसऱ्या वेळी पाणी स्तब्ध राहिले. एकूण खर्च ॲल्युमिनियमच्या रेडिएटरकरिता आलेल्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी. डाखाच्या धुरात शिसे असते, म्हणून मुलांना आम्ही दुकानाबाहेरच बसविले होते. एक मुलगा तरीही दारातून डोकावत राहिला आणि परत येताना रिक्षात त्याने विचारले, हे शिकण्यास किती वर्षे लागतात. उत्तर आम्हांला देता आले नाही. उस्तादांना विचारले, ते म्हणाले, "त्याला रविवारी पाठवा." आता धूर नसेल तेव्हा, मापे आणि हौदाच्या कामापुरता, तो जातो.

बसविणे हे उतरविण्याच्या उलट क्रमाने, त्यात विशेष नाही. नव्या स्प्रिंगा घातल्या, नव्या खिळी दुमडल्या, गजांचे आटे वहीप्रमाणे बसविले. चाकी खीळ बसेल इतपतच आवळली. बॅटरी जोडताना टोके दोनदा तपासली. पाणी गळ्यापर्यंत भरू नये. नळ्या झाकल्या जातील आणि वर थोडी मोकळी जागा राहील एवढेच. अधिक भरलेले पाणी जादा पाण्याच्या नळीने खाली सांडते, आणि मग पाहणारा 'पुन्हा गळू लागली' म्हणून ओरडतो. कार्यकारी मंडळातील एका वडीलधाऱ्या सदस्यांनी पहिल्याच दिवशी तसे ओरडून सर्वांना गोळा केले होते.

एप्रिलच्या दुपारी, झळा लागत असताना, एंजिन चाळीस मिनिटे चालू ठेवले. वरच्या टाकीतील पाणी ब्याऐंशी अंशांवर जाऊन थांबले. सतरंजीवर एक थेंबही नव्हता.

आत जे पाणी आहे ते गेल्या पावसाळ्यात शाळेच्या गच्चीवरून धरलेले, गाळलेले. त्यात तांबे-पितळेला चालणारे गंजरोधक मिसळले आहे, कारण निव्वळ पावसाचे पाणी एंजिनाच्या लोखंडाला बरे नव्हे. त्याचे आणखी दोन डबे भरून चालकाच्या आसनामागे ठेवले आहेत. मिरवणुकीच्या दिवशी ऊन असेल, गर्दी असेल. तरी ते पाणी कोणीही पिऊ नये, हात धुण्यासही घेऊ नये, आणि कमी दिसले म्हणून शेडजवळच्या तोटीचे त्यात भरू नये. डब्यांवर चिठ्ठी आहे.